पाहुण्यांची आग

"आजोबा, नातीकडे बघा की. आकड्याकडे काय बघत बसलाय?"

मिस्त्रींच्या मुलीला लग्नानंतर नवव्या वर्षी मूल झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोर दिवस भरायच्या दीड महिना आधीच आली. दोन तळव्यांत मावेल एवढी. दवाखान्यात तिला काचेच्या उबदार पेटीत ठेवलं होतं, आणि सकाळच्या पाळीला जाताना मिस्त्री रोज दहा मिनिटं त्या पेटीपुढे उभे राहत. पेटीवर उबेचा एक लाल आकडा होता. मिस्त्रींचं आयुष्य बॉयलरच्या काट्याकडे बघण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांची नजर आधी आकड्यावर जाई, मग नातीवर, मग पुन्हा आकड्यावर.

नर्स असं म्हणून हसली तसे ते ओशाळले. तरी विचारायचं ते त्यांनी विचारलंच. हा आकडा कमी-जास्त होतो का? झाला तर?

नर्स म्हणाली, अर्ध्या अंशाचं काही नाही, पण एक अंश वर गेला की घंटा वाजते आणि आम्ही धावतो.

"एका अंशानं काय होतंय?"

"तुम्हा-आम्हाला काही होत नाही आजोबा. तिला होतं."

मिस्त्रींनी मान हलवली आणि निघाले. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती, तिला उठवलं नाही. आज उशीर करून चालणार नव्हतं. आज बोर्डाची बैठक होती.

त्यांची कंपनी कापड रंगवायची. रंगाला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला कोळसा. मिस्त्री कामाला लागले तेव्हाच तो बॉयलर जुना होता. त्याची चिमणी गावात कुठूनही दिसे. बॉयलरवर तीन पाळ्यांत मिळून सहाजण होते, आणि त्यातला एक मिस्त्रींचा जावई. तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच शब्द टाकून त्याला आणला होता. सासरा-जावई एकाच भट्टीवर म्हटल्यावर बाकीचे चिडवायचे, की मिस्त्रींनी मुलगी देताना हुंड्यात फावडं दिलं. जावईही हसायचा. मिस्त्रींना तो मामा म्हणे.

बैठकीच्या दिवशी बॉयलरवर जी आग पेटवत, तिला हे लोक 'पाहुण्यांची आग' म्हणत. घरात जसे चांगले कप पाहुण्यांसाठी वेगळे ठेवतात, तसं. आदल्या दिवशी ढिगातला मुठीएवढा, सुका, बिनभुग्याचा कोळसा हाताने निवडून बाजूला काढायचा. उजाडायच्या आत नळ्यांतली काजळी झाडून टाकायची. मग दहाच्या आत जाळीवर निखाऱ्यांचा पातळ थर करायचा आणि त्यावर थोडा थोडा कोळसा, आज्जी नातवाला भरवते तसा, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. टाकला की भट्टीचं दार बोटभर उघडं ठेवायचं, वारा आत जाऊ द्यायचा. निखारे ढवळायचे नाहीत, राख ओढायची नाही. असं केलं की चिमणीतून काही निघतंय हे शपथेवर सांगावं लागे. मिस्त्रींइतकी ही आग कुणाला जमत नव्हती. दुसऱ्या कारखान्यांतले लोक बघायला येऊन गेले होते.

ही पद्धत पडली त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या वेळी बोर्डापुढे पहिल्यांदा हवामानाचा विषय आला. आपल्या कारखान्याच्या कोळशाने पृथ्वीच्या उष्णतेत भर पडते, कोळसा कधी सोडणार याचा आराखडा करा, असा कागद होता. विषय यादीत शेवटचा, बैठकीच्या खोलीबाहेर ताटं मांडायला सुरुवात झालेली. अध्यक्ष उठून खिडकीशी गेले. योगायोगाने त्या दिवशी कोळसा चांगला होता आणि वारा कोरडा. अध्यक्षांनी चिमणीकडे बोट केलं आणि म्हणाले, बघा, कुठंय धूर? सगळे हसले, आणि कागद पुढच्या बैठकीवर गेला. मॅनेजर साहेब तेव्हा मागे उभे होते. त्यांनी जे शिकायचं ते शिकून घेतलं. पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ते स्वतः बॉयलरवर आले आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, उद्या चिमणी स्वच्छ पाहिजे.

हे सगळं मिस्त्रींना कळायचं ते शिपायाकडून. बैठकीच्या खोलीत चहा-पाणी देणं, खुर्च्या लावणं, पडदे ओढणं हे शिपायाचं काम. गेली वीस वर्षं दोघं डबा एकत्र खात. बोर्डावर नऊ माणसं होती. शिपाई म्हणायचा, "तुझी चिमणी दहावी सभासद आहे बघ. तोंड उघडत नाही, पण मत तिचंच चालतं."

आग कधी सोडायची, म्हणजे पुन्हा नेहमीचा भुगा टाकून रोजच्यासारखी जाळायची, याचीही एक खूण ठरलेली होती. बैठक संपली की शिपाई खिडकीचा पडदा ओढून घेई. बॉयलरच्या दारातून ती खिडकी समोर दिसे. पडदा पडला की पाहुणे गेले. नऊ वर्षांत ही खूण एकदाही चुकली नव्हती.

आता एक बाई बोर्डावर आल्या होत्या. त्यांचं आयुष्य हवामान खात्यात गेलेलं. रोज पाऊस मोजायचा, ऊन मोजायचं, लिहून ठेवायचं. शिपायाने सांगितलं, पहिल्या बैठकीत बाई गप्प बसल्या, नुसता चहा घेतला, तोही बिनसाखरेचा. दुसऱ्या बैठकीत त्यांनी एकच गोष्ट विचारली. गेल्या वर्षी आपण कोळसा किती जाळला? नऊजणांत कुणालाच सांगता येईना. मॅनेजर साहेबांनी कागद चाळले आणि कळवतो म्हणाले. तेव्हा बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी हा विषय शेवटी नको, पहिला घ्या. अध्यक्षांना त्यात काही वावगं वाटलं नाही. घेऊ की, म्हणाले.

ती पुढची वेळ म्हणजे आज.

कालपासून मॅनेजर साहेब बॉयलरवर तीनदा येऊन गेले होते. एरवी महिन्यातून एकदा यायचे. आले की कोळशाच्या ढिगाकडे बघायचे, काही न बोलता जायचे. त्यातून बातमी फुटली होती, की बाईंचं ऐकलं तर कोळशाचा बॉयलर जाणार आणि विजेवर वाफ करणारं यंत्र येणार. त्याला माणसं लागणार दोन. सहातून दोन गेले की चार उरतात, हे सांगायला कुणाला शाळेत जायची गरज नव्हती. आणि कामावरून कमी करायची वेळ आली की शेवटी आलेला आधी जातो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी आलेला होता तो जावई.

काल संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात दोघं बाकावर बसले होते. जावयाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मामा, आठ महिन्यांनी तुम्ही घरी बसाल. मी कुठं बसू?"

 उद्याची आग चांगली लावू, एवढंच मिस्त्री म्हणाले. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

दहाला गाड्या आल्या. चिमणी आकाशात नुसती उभी होती, कुणी विसरून गेल्यासारखी. मिस्त्री आणि जावई एका मिनिटाचीही उसंत न घेता भरवत होते.  दोनदा मिस्त्रींनी कारण नसताना बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच पुसली. पाहुण्यांची आग दिसायला देखणी, पण तिला वाफ कमी. दार उघडं, वारा जास्त, त्यामुळे ऊब बॉयलरच्या अंगाला लागण्याआधीच चिमणीतून वर निघून जायची. अकराच्या सुमारास रंगखात्यातून निरोपावर निरोप यायला लागले, की दाब कमी आहे, कापडावर डाग पडतायत, कापड वाया गेलं तर आमच्या नावावर लावू नका.

सव्वाअकराला मिस्त्री काट्याकडे बघत असताना जावई दारातून ओरडला, "मामा, पडदा पडला!"

मिस्त्री दारात आले. खरंच, खिडकीचा पडदा ओढलेला होता. एवढ्या लवकर बैठक कधी संपली नव्हती. पण पहिलाच विषय नको तो असेल तर माणसं उठूनही जातात. जावयाच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं. म्हणाला, बाईंचा विषय गुंडाळला वाटतं. रंगखात्याचा माणूस परत येऊन दारात हात कमरेवर ठेवून उभा होता.

"सोड," मिस्त्री म्हणाले.

तो एक शब्द पुढे कितीतरी दिवस त्यांच्या कानात राहिला. जावयाने भुग्याची आठ-दहा फावडी एका दमात मारली. मिस्त्रींनी लांब लोखंडी आकडा घालून निखारे उलटेपालटे केले, वितळून घट्ट झालेल्या राखेच्या गाठी ओढल्या. सकाळपासून तुंबलेलं सगळं एकदम मोकळं झालं. काटा चढायला लागला. चिमणीतून डांबरासारखा काळा लोट निघाला, वाऱ्याने वाकला आणि थेट कचेरीच्या अंगाला गेला.

आणि समोरचा पडदा बाजूला झाला.

खिडकीत अध्यक्ष उभे होते. त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई.

जावयाच्या हातात फावडं तसंच राहिलं. धूर काही परत आत ओढता येत नाही. मिस्त्रींनी भट्टीचं दार उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना काय करावं ते कळेना.

पाचव्या मिनिटाला मॅनेजर साहेब धावत आले. पॉलिशचे बूट कोळशाच्या चिखलात. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. म्हणाले, तुम्हाला वर बोलावतील. सांगायचं, कोळसा ओला लागला. बस. रात्री ढीग झाकायचा राहिला, भिजला. मग जावयाकडे बघून म्हणाले, "याचं मी बघून घेईन."

हे वचन होतं की धमकी, ते मिस्त्रींना कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्यांनी नळाखाली हात धुतले. नखांतलं काळं कधी जातच नाही, तेवढं राहिलं. कचेरीच्या जिन्याला अडतीस पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर एकच वाक्य: कोळसा ओला लागला, कोळसा ओला लागला. लहान मुलाला निरोप पाठ करून पाठवतात तसं. दाराशी शिपाई भिंतीला चिकटून उभा होता, रडायचाच बाकी. हळूच म्हणाला, "बाईंना पडद्यावर चित्रं दाखवायची होती रे. उजेड नको म्हणून खिडकीचा ओढला. मला काय ठाऊक तू सोडशील."

आत नऊ माणसं. भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर अजून एक चित्र होतं. डावीकडून उजवीकडे जाणारी एक लाल रेघ, शेवटी शेवटी वर चढत गेलेली. मिस्त्रींना ती दाबाच्या काट्यासारखी वाटली.

आणि खिडकी. बॉयलरवर राहून त्यांनी ती हजारदा खालून पाहिली होती, आतून आज पहिल्यांदा. आपला धूर कसा दिसतो हे माणसाला खाली राहून कळत नाही. खाली तो निघून गेलेला असतो. इथून तो जात नव्हता. कामगारांच्या घरांवर, शाळेच्या पत्र्यावर, पलीकडच्या झाडांवर सावकाश पसरत होता, आणि तो पसरायचा थांबला तरी कुठेतरी असणारच होता.

अध्यक्षांनी त्यांना बसा म्हटलं. मिस्त्री बसले नाहीत. कपड्यांना कोळसा होता.

एका संचालकाला कंटाळा आला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "पृथ्वी दीड अंश तापेल, दीड अंश तापेल म्हणतायत. सकाळी आठ ते दहात एवढा फरक पडतो, आपण काय मरतो का?" दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. मिस्त्रीही हसले नाहीत. त्यांना काचेची पेटी दिसत होती आणि तिच्यावरचा लाल आकडा. तुम्हा-आम्हाला काही होत नाही, नर्स म्हणाली होती.

अध्यक्षांनी मायेने विचारलं, की काय मिस्त्री, आज काय झालं, नऊ वर्षांत असं पाहिलं नाही. मॅनेजर साहेबांनी लगेच सांगायला सुरुवात केली, रात्री ढीग झाकायचा राहिला, कोळसा ओला. बाईंनी हात वर केला. त्यांना सांगू द्या, म्हणाल्या.

 पाठ केलेलं वाक्य मिस्त्रींच्या जिभेवर होतं. ते टाकलं की संपलं. चार ओळी लिहून घेतील, विषय पुढच्या बैठकीवर जाईल, पुढची बैठक त्याच्या पुढच्या बैठकीवर. जावयाला काम राहील, पोर घरी येईल तेव्हा घरात कमावता बाप असेल. आणि दुसरं वाक्य टाकलं तर काय होईल, ते त्यांना दिसत नव्हतं. बॉयलरमध्ये पाणी आहे की नाही ते न बघता आग लावण्यासारखं.

पण बाईंनी ओल्या कोळशाचं विचारलंच नाही.

"मी सकाळी आले तेव्हा चिमणीतून काहीच दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोळसा कमी जळत होता का?"

हा प्रश्न कुणी त्यांना कधी विचारला नव्हता. आणि कारागिराला त्याच्या कामाचं नेमकं कुणी विचारलं की खोटं बोलणं फार जड जातं.

"नाही बाई," मिस्त्री म्हणाले. "जास्त जळत होता."

खोलीत कुणीतरी बशीत कप ठेवला, तेवढा आवाज झाला.

मग त्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं. धूर काळा दिसतो तो अर्धवट जळलेल्या कोळशाचा. वारा जास्त दिला की तोही जळून जातो, म्हणून दिसत नाही. पण जातं सगळं वरच. उलट जास्त वाऱ्याबरोबर ऊब वाया जाते, मग तेवढ्याच वाफेला कोळसा जास्त घालावा लागतो. बैठकीच्या दिवशी चार तासांत पाच-सहा हातगाड्या जास्त लागतात. वर्षात सगळ्यात जास्त कोळसा जळतो तो याच दिवसांत, चिमणी सगळ्यात स्वच्छ असते तेव्हा.

अध्यक्ष म्हातारे होते, पण मूर्ख नव्हते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते खिडकीकडे वळले, मग परत मिस्त्रींकडे.

"मग आम्ही नऊ वर्षं इथून काय बघत होतो?"

"माझी कारागिरी, साहेब."

 अध्यक्षांनी विचारलं, हे करायला सांगितलं कुणी? मॅनेजर साहेब टेबलाच्या लाकडाकडे बघत होते. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, सांगणारा कुणी का असेना, फावडं माझ्या हातात होतं. एवढ्यावर त्यांना जायला सांगितलं, पण ते हलले नाहीत.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "माझे आठ महिने राहिले, माझं काही नाही. पण खाली पाचजण आहेत. बॉयलरचं ठरवाल तेव्हा त्यांचंही त्याच कागदावर ठरवा. वेगळ्या कागदावर गेलं की ते पुढच्या बैठकीवर जातं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मिस्त्रींनी त्यांना लिहिताना पाहिलं.

पुढचं शिपायाने सांगितलं. त्या दिवशी ताटं मांडली आणि तशीच थंड झाली. अडीच तास बोलणं चाललं. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की खिडकीतून बघून कंपनी चालवायची नसते. बोर्डाने आकडा मागितला तर आकडा येतो, चिमणी मागितली तर चिमणी येते. आपण चिमणी मागत होतो. शेवटी हात वर केले तेव्हा चार विरुद्ध चार झाले. नववे अध्यक्ष. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि हात वर केला. दीड वर्षात कोळसा बंद. तोपर्यंत दर बैठकीत कोळशाचा आकडा हा पहिला विषय, आणि तो वाचायचा बॉयलर मिस्त्रीने, मॅनेजरने नव्हे.

"आणि पाचजण?" मिस्त्रींनी विचारलं.

"आहे की. त्याच कागदावर आहे. नवीन काम शिकवावं, शक्यतो सगळ्यांना सामावून घ्यावं."

"शक्यतो?"

"शक्यतो," शिपाई म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी दोघांचेही डबे अर्धे राहिले.

संध्याकाळी दवाखान्यात जावई पेटीपुढे उभा होता. मिस्त्री शेजारी जाऊन उभे राहिले. वर काय झालं ते त्याला कळलेलंच होतं, कारखान्यात बातमी वाफेपेक्षा आधी पोचते. तो पेटीकडेच बघत राहिला. मिस्त्रींची बायको मुलीजवळ बसून सगळं बघत होती. घरी जाताना तिने एवढंच विचारलं, की खोटं बोलला असता तर चाललं नसतं का. मिस्त्री म्हणाले, चाललं असतं. घराशी आल्यावर कुलूप काढताना ती म्हणाली, मग जाऊ दे.

पोर बाराव्या दिवशी पेटीतून बाहेर आली. सव्वादोन किलो भरली तेव्हा नर्सने आधी पेढा मागितला आणि मग मिस्त्रींच्या हातात पोर दिली. त्यांनी आधी भिंतीवर आकडा शोधला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मिस्त्रींची मुदत वाढवली. दर बैठकीला ते अडतीस पायऱ्या चढून जात, धुतलेला सदरा घालून, आणि उभ्याने आकडा वाचत. पहिल्या वेळी आकडा मोठा होता, नऊजणांपैकी काहींना तो खरा वाटेना. दुसऱ्या वेळी थोडा उतरला, कारण पाहुण्यांची आग बंद झाली होती आणि रंगखात्यातल्या गळक्या वाफेच्या नळ्या बदलल्या होत्या. तिसऱ्या वेळी एका संचालकाने, त्याच दीड अंशवाल्याने, आकडा खाली का येत नाही म्हणून मॅनेजर साहेबांना धारेवर धरलं. जो आकडा समोर वाचला जातो त्याची लाज वाटायला लागते, असं शिपाई म्हणे. चिमणीची कधी कुणाला वाटली नव्हती.

वर्षाच्या आत नवं यंत्र आलं आणि बॉयलर एका पाळीपुरता उरला. पाचातले दोघं नव्या यंत्रावर लागले, एक गोदामात. दोघांना सामावता आलं नाही. त्यातला एक आधीच दुकान टाकायच्या विचारात होता. दुसरा जावई.

त्याला काम मिळालं, पण दूर. दिवसभराच्या प्रवासावर, एका कारखान्यात, कोळशाच्याच बॉयलरवर. सामान बांधलं त्या दिवशी पोर भांडी धरून उभी राहायला शिकली होती. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. मिस्त्री गाडीच्या टपावर गाद्या बांधत होते. गाठ मारून झाली तेव्हा जावई जवळ आला.

"मामा, तुम्ही खरं बोललात, त्याचा मला राग नाही," तो म्हणाला. "मला विचारलं असतंत तर मीपण खरंच सांगा म्हटलं असतं. कदाचित. पण तुम्ही विचारलंच नाही."

मिस्त्रींना म्हणायचं होतं, विचारायला वेळ कुठं होता, अडतीस पायऱ्यांचा वेळ होता फक्त. त्याऐवजी त्यांनी त्याला आपलं लांब आकड्याचं हत्यार दिलं, पस्तीस वर्षांचं, मूठ हाताच्या आकाराने झिजलेली. जावयाने ते घेतलं आणि गाद्यांखाली नीट ठेवलं.

दीड वर्षाला वीस दिवस कमी असताना शेवटची आग लावली. कुणी सांगितलं नव्हतं, बैठकही नव्हती, तरी मिस्त्रींनी निवडलेला कोळसा टाकला, पातळ थर केला, दार बोटभर उघडं ठेवलं. चिमणी शेवटच्या दिवशी स्वच्छ होती. दुपारी बाई एकट्याच खाली आल्या. कोळशाच्या चिखलात बूट भरले तरी त्यांनी काही म्हटलं नाही. दोघांनी उभं राहून निखारे काळे होताना पाहिले. बाईंनी विचारलं, जावयाचं कसं चाललंय? मिस्त्री म्हणाले, चाललंय. बाई म्हणाल्या, तो शब्द मी खोडायला हवा होता, शक्यतो. मिस्त्रींनी बाईंना बसायला लाकडी पेटी पुसून दिली.

एवढा मोठा बॉयलर एका दिवसात थंड होत नाही. मिस्त्रींची नोकरी आगीबरोबर संपली होती, तरी ते रोज सकाळी फाटकातून आत येत आणि त्याच्या अंगाला तळवा लावून बघत. दुसऱ्या दिवशी हात ठेववत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो तापातल्या माणसासारखा होता, चौथ्या दिवशी साध्या माणसासारखा. पाचव्या दिवशी त्यांनी हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि पहारेकऱ्याला सांगितलं, उद्यापासून मी येत नाही.

मिस्त्री वारले ते त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका बुधवारी, सकाळच्या पाळीच्या वेळेला. जावई मुलीला आणि नातीला घेऊन, दिवसभराचा प्रवास करून गुरुवारी पोचला. नात तेव्हा चौथ्या वर्षात होती.